काठी, सूर्य आणि होकायंत्र : सागरी नकाशा कसा घडत असे

नंदुरबार समुद्रकाठी नाही. पण मोगल काळात सुरत बंदरात उतरलेला माल नवापूर-नंदुरबारच्या वाटेने बुऱ्हाणपूरला जाई. तो माल आणणारी युरोपीय जहाजे ज्या प्रकारच्या नकाशांवर भरवसा ठेवून येत, त्यांचा पाया पंधराव्या-सोळाव्या शतकात स्पेन आणि पोर्तुगालने घातला. ती रीत समजायला जहाजावर चढावे लागत नाही. मोकळे अंगण आणि एक सरळ काठी पुरते.

खलाशापुढे तीन प्रश्न असत : आपण किती उत्तरेला आहोत, कोणत्या दिशेने चाललो आहोत आणि पूर्व-पश्चिम किती सरकलो.

पहिल्याचे उत्तर सूर्य देतो. २१ मार्चच्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर असतो. त्या दिवशी नंदुरबारात एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करा आणि तिची सर्वांत आखूड सावली मोजा. ती सुमारे ३९ सेंटिमीटर भरेल. याचा अर्थ सूर्य डोक्यावरून २१ अंशांहून थोडा जास्त कललेला आहे, आणि तोच नंदुरबारचा अक्षांश. २२ डिसेंबरला मात्र ही सावली जवळजवळ काठीएवढी होते. कोन ४५ अंशांच्या किंचित आत येतो. कारण त्या दिवशी सूर्य स्वतःच साडेतेवीस अंश दक्षिणेला असतो. तेवढे वजा केले की पुन्हा एकवीसच्या वर थोडे उरतात.

म्हणजे रोज सूर्य विषुववृत्तापासून किती दूर आहे, याचे कोष्टक हाताशी हवे. सलामांका इथे काम केलेले ज्यू खगोलशास्त्रज्ञ आब्राहम झाकुतो यांची कोष्टके १४९६ मध्ये पोर्तुगालात छापली गेली. जहाजावर काठीच्या जागी पितळी ॲस्ट्रोलॅब असे. तो अंगठ्याला टांगायचा, फिरती पट्टी सूर्याकडे वळवायची आणि वरच्या छिद्रातून आलेला किरण खालच्या छिद्रावर पडला की अंश वाचायचे. डोलत्या जहाजावर हात स्थिर राहत नसे, म्हणून जाणता खलाशी किनाऱ्यावर उतरून मोजणी करी.

दुसरा प्रश्न दिशेचा. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडेच पाहते असे नाही. तिचा फरक जागेगणिक बदलतो. तो शोधायलाही सावलीच लागते. काठीभोवती वर्तुळ आखा. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला शिवेल तिथे खूण करा, दुपारनंतर पुन्हा शिवेल तिथे दुसरी. दोन खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम. तिला काटकोनात काढलेली रेघ खरी उत्तर-दक्षिण. आता शेजारी होकायंत्र ठेवा आणि दोन दिशांमधला कोन मोजा.

याच तत्त्वावरचे, पेद्रो नुनेश या गणितज्ञाने सुचवलेले छायायंत्र घेऊन पोर्तुगीज दर्यावर्दी जुआंव द कास्त्रो १५३८ च्या अखेरीस गोव्याहून दीवकडे निघाला. वाटेतल्या खाड्या, बंदरे, खडक तो नोंदवत गेला. वसईजवळ त्याची सुई भलतीकडेच वळू लागली. यंत्राला दोष देऊन तो मोकळा झाला नाही. जवळचे खडकच सुईला ओढत असावेत, असे त्याने नोंदवले. आपला काळा बेसाल्ट मॅग्नेटाइट बाळगतो, म्हणून त्याची शंका रास्त होती. हाच दख्खनचा बेसाल्ट नंदुरबारपर्यंत पसरला आहे. नंदुरबार-धुळे पट्ट्यात जमिनीच्या भेगांत लाव्हा थिजून तयार झालेल्या दोनशेहून अधिक मोठ्या खडकभिंती, म्हणजे डाइक, आहेत. सर्वांत लांब भिंत सुमारे ७९ किलोमीटरची आहे. अशा भागात होकायंत्र वापरताना खडकापासून दूर उभे राहावे.

तिसरा प्रश्न रेखांशाचा, आणि तो सर्वांत अवघड. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. नंदुरबार तिच्या पश्चिमेला सव्वाआठ अंश, म्हणून इथली मध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या आसपास होते. पण ही तुलना करायला दूरच्या ठिकाणची वेळ अचूक सांगणारे घड्याळ लागते, आणि ते अठराव्या शतकापर्यंत जहाजावर नव्हते. वेग आणि दिवस यांच्या अंदाजावर भागवावे लागे. त्याची राजकीय किंमत मोठी होती. १४९४ च्या तोर्देसियास कराराने एक रेषा ठरवून स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यात जगाची वाटणी झाली, पण मसाल्याची मोलुक्का बेटे रेषेच्या कोणत्या बाजूला, हे कोणालाच ठामपणे मोजता येईना. अखेर १५२९ मध्ये स्पेनने साडेतीन लाख डुकाट या सोन्याच्या नाण्यांच्या बदल्यात त्यांवरचा हक्क सोडला. ती बेटे खरे तर पोर्तुगालच्याच वाट्यात पडत होती.

आता या सगळ्या मोजण्या एकत्र कशा येत? स्पेनने १५०३ मध्ये सेव्हिल इथे ‘कासा दे ला कोंत्रातासियोन’ हे व्यापारगृह उभारले. १५०८ मध्ये अमेरिगो व्हेस्पुची तिथला प्रमुख सुकाणूधर झाला. सुकाणूधरांची परीक्षा घेणे त्याच्याकडे आले आणि ‘पाद्रोन रेआल’ हा सरकारी मूळ नकाशा तयार करण्याचा हुकूम निघाला. परतलेल्या जहाजांनी नव्या नोंदी द्यायच्या, जाणकारांनी त्या पारखून मूळ नकाशा सुधारायचा आणि पुढच्या जहाजांनी त्याची नक्कल न्यायची, अशी ही साखळी. अशा नकाशात बंदरांची नावे किनाऱ्याला काटकोनात, जमिनीच्या अंगाला लिहीत, म्हणजे समुद्राचा भाग वाट आखायला मोकळा राही.

नकाशा विश्वासार्ह होतो तो दुरुस्तीची वाट उघडी ठेवल्यामुळे. येत्या मार्चमध्ये एखाद्या शाळेने काठी रोवून मोजणी करावी, आणि ३९ ऐवजी ४१ आले तर ओळंबा, जमीन व वेळ पुन्हा तपासावी. नकाशाकाराचे काम तिथूनच सुरू होते.