रीलमधल्या चकचकीत पुंगळ्या आणि आत लपलेली पिन: हा नेमका प्रकार काय आहे?

तुमच्याही फीडमध्ये ती रील येऊन गेली असेल. काळपट पडलेल्या, मातीने माखलेल्या बंदुकीच्या रिकाम्या पुंगळ्या एका छोट्या पिंपात ओतल्या जातात. त्यावर स्टीलच्या बारीक पिना, पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब आणि चिमूटभर लिंबूफूल. झाकण लावून पिंप दोन-तीन तास फिरवतात. झाकण उघडलं की आत सोन्यासारखं पितळ. खाली कमेंट्स ठरलेल्या: "आमची समई पण टाका की यात."

पण झाकण उघडणं आणि चमकणाऱ्या पुंगळ्या हातात येणं यांच्यामध्ये जे घडतं, ते रीलमध्ये कापलेलं असतं. या कामातला खरा वैताग तिथेच आहे. पिना आणि पुंगळ्या वेगळ्या कशा करायच्या?

आधी आकडा बघा. या कामाला वापरतात ती पिन साधारण १.२ मिलिमीटर जाड आणि साडेसहा मिलिमीटर लांब असते. स्टीलच्या घनतेने हिशेब केला तर एका पिनेचं वजन ०.०६ ग्रॅमही भरत नाही. म्हणजे एका किलोत जवळपास १७ हजार पिना. मध्यम आकाराच्या पिंपात दोन-सव्वादोन किलो पिना पडतात. तीस-चाळीस हजार पिनांपैकी एकसुद्धा पुंगळीत राहता कामा नये, अशी ही परीक्षा आहे.

हे करतं कोण?

मुख्यतः अमेरिकेतले हौशी नेमबाज आणि शिकारी. काडतुसाचे चार भाग असतात: पितळी पुंगळी, बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, आतली दारू आणि पुढची गोळी. बार उडाल्यावर उरते ती फक्त पुंगळी, आणि ती सगळ्यात महाग भागांपैकी एक. म्हणून तिथे लोक ती उचलून आणतात, साफ करतात आणि पुन्हा भरतात. याला 'रीलोडिंग' म्हणतात.

आता सूसमध्ये राहणाऱ्यांना साहजिकच प्रश्न पडेल. शेजारीच म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात शूटिंग रेंज आहे, तिथे रोज बार उडतात. मग तिथल्या पुंगळ्यांचंही असंच होतं का? तर नाही. १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तुलात पुंगळीच नसते, हवेच्या दाबाने नुसता छर्रा सुटतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकलं, त्यात .२२ बोअरचं काडतूस वापरतात. त्यात वेगळा प्रायमर नसतो. पेट घेणारं रसायन पुंगळीच्या बुडाच्या कडेत भरलेलं असतं आणि बंदुकीची सुई ती कडच चेपते. चेपलेली कड पुन्हा वापरता येत नाही. पुंगळी थेट भंगारात.

आणि कायदा? भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंही येतात, आणि तो बनवायला परवाना लागतो. तेव्हा रील बघून घरी असा उद्योग सुरू करायचा विषयच संपला. सूस खिंडीकडे सकाळी फिरायला गेल्यावर एखादी पुंगळी पायाखाली आली, तरी ती 'शोपीस' म्हणून खिशात घालू नका. ११२ ला फोन करा. ती रिकामी आहे की जिवंत, हे आपल्याला बघून कळेलच असं नाही.

पुण्याचं काडतुसांशी नातं मात्र जुनं आहे. खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ ची. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतही रायफलींची काडतुसं बनतात. पितळेचा जो प्रकार जगभर 'कार्ट्रिज ब्रास' म्हणून ओळखला जातो, त्यात ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. पत्र्याची चकती कापायची, दाबून तिची वाटी करायची आणि ती वाटी टप्प्याटप्प्याने ओढत लांब नळी करायची. हे थंड अवस्थेत ओढणं लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

पिना अडकतात का?

दोन कारणं आहेत, आणि दोन्ही स्वयंपाकघरात समजतील.

पहिलं कारण पाणी. अरुंद तोंडाच्या बाटलीत भिजलेले तांदूळ टाका आणि बाटली उलटी करा. काही दाणे पडतील, बाकीचे काचेला चिकटून बसतील. कितीही आपटा, हट्टाने तिथेच. पाण्याचा पातळ थर दाणा आणि काच यांना धरून ठेवतो. शाळेत 'पृष्ठताण' म्हणून शिकलो होतो तो हाच. साबणाने तो कमी होतो, पण जात नाही. आता तीच बाटली बादलीभर पाण्यात बुडवा आणि आतच उलटी करा. दाणे सुळसुळ बाहेर येतात, कारण सगळीकडेच पाणी असल्यावर चिकटवणारा पृष्ठभागच उरत नाही. ओल्या पुंगळ्या हवेत कितीही झटकल्या तरी पिना पडत नाहीत, आणि पाण्याखाली फिरवल्या की पडतात, त्यामागे एवढंच विज्ञान आहे.

दुसरं कारण माप. पुंगळीच्या बुडाशी प्रायमरची ठिणगी आत जायला एक बारीक भोक असतं, बहुतेक रायफलींच्या पुंगळ्यांत साधारण दोन मिलिमीटरचं. पिन १.२ मिलिमीटरची. एक पिन आरामात आरपार जाते. पण दोन पिना एकाच वेळी घुसल्या तर? १.२ अधिक १.२ म्हणजे २.४. दोघी एकमेकींना दाबून पाचर ठोकल्यासारख्या बसतात. तोंडाकडेही तेच. ५.५६ मिलिमीटरच्या काडतुसाची मान आतून पावणेसहा मिलिमीटरच्या आसपास असते आणि पिन साडेसहा लांब. उभी आली तर सुटते, आडवी आली तर अडकते, आणि एक अडकली की मागच्या दहा तिच्यावर रचल्या जातात. दाराशी एक जण सोफा आडवा घेऊन उभा राहिल्यावर मागे जिन्यात होते तशी कोंडी.

मग वेगळ्या करतात कशा?

आपल्याकडे तांदूळ धुवायची रोवळी असते ना, तसाच जाळीचा गोल पिंजरा. हाताने फिरवायचा दांडा लावलेला. पुंगळ्या त्यात भरायच्या, पिंजरा अर्धा-अधिक पाण्याच्या टबात बुडवायचा आणि सावकाश दोन्ही बाजूंना फिरवायचा. पुंगळी पाण्यात भरते, वर येताना रिकामी होते, आणि प्रत्येक फेरीला पाणी आपल्यासोबत पिना घेऊन जातं. पिना जाळीतून खाली, पुंगळ्या आत. नुसत्या चाळणीवर ओतून हलवलं तरी बऱ्याच पडतात, पण 'बऱ्याच' हा शब्द इथे चालत नाही.

टबातलं ते काळं पाणी मात्र जपून हाताळावं लागतं. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं आणि बार उडाल्यावर त्याचा अंश काजळीत उरतो. पूर्वी लोक अक्रोडाच्या कवचाचा भुगा किंवा मक्याच्या कणसाचा चुरा वापरून कोरडी सफाई करत. त्यात हे शिसं धुळीबरोबर नाकात जायचं. ओल्या पद्धतीने धूळ थांबली, पण शिसं गायब झालं नाही, ते पाण्यात उतरलं. म्हणून जाणकार हातमोजे घालतात आणि या कामाची भांडी स्वयंपाकघरात परत नेत नाहीत. रीलमध्ये कुणी हेच पाणी किचन सिंकमध्ये ओतताना दिसलं, तर ते अजिबात 'हॅक' नाही.

खाली पडलेल्या आणि जमिनीवर उडालेल्या पिना गोळा करायला चुंबक. इथे कमेंट्समध्ये हमखास वाद होतो: "स्टेनलेसला चुंबक चिकटतच नाही!" भांड्यांच्या दुकानात आपणही हे ऐकलेलं असतं. अर्धं खरं आहे. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलवालं ३०४ ग्रेडचं स्टील मुळात चुंबकाला दाद देत नाही. पण त्याच स्टीलची थंड अवस्थेत ओढून बारीक तार काढली की आतली अणूंची रचना काही प्रमाणात बदलते, आणि त्या बदललेल्या भागाला चुंबक ओढतो. पिना अशाच तारेच्या कापलेल्या असतात. पटत नसेल तर घरातलं स्टीलचं सिंक तपासा. सपाट भागावर चुंबक घसरेल, पण जिथे पत्रा खोल दाबून वळवलाय त्या कोपऱ्यात अनेकदा हलकी ओढ जाणवते. ओढ कमी असल्यामुळे साधा फ्रिजवरचा चुंबक पुरत नाही, ताकदवान निओडिमियमचा लागतो. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवायचा आणि शेवटी पिशवी उलटी करायची, म्हणजे पिना सोडवत बसावं लागत नाही.

एक पिन राहिली तर बिघडलं काय?

पिन प्रायमरच्या खाचेत राहिली तर नवा प्रायमर नीट खोल बसत नाही. भोकात राहिली तर ठिणगी दारूपर्यंत धड पोहोचत नाही, बार फुसका जातो किंवा उशिरा उडतो. उशिरा उडणं जास्त वाईट, कारण तोवर माणूस 'उडालं नाही वाटतं' म्हणून बंदूक खाली करत असतो. आणि पोटात राहिली तर स्टीलचा तुकडा गोळीच्या मागोमाग नळीतून जातो. ज्या नळीच्या आतल्या पीळदार खाचांवर नेम अवलंबून असतो, त्या नळीतून.

वजन करून पकडता येईल, असं वाटतं. येत नाही. रायफलीची एक पुंगळी दहा-बारा ग्रॅमची, आणि एकाच कंपनीच्या दोन पुंगळ्यांमध्येच पिनेएवढा फरक सहज असतो. पिना मोजून पिंपात टाकल्या आणि नंतर पुन्हा वजन केलं तर? एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्याला सतरा पिनांचा फरकसुद्धा जेमतेम कळेल.

चुंबक इथेही मदत करतो. पितळ चुंबकाला चिकटत नाही आणि चुंबकाची ओढ अडवतही नाही. म्हणून बाहेरून चुंबक फिरवला की आतली पिन सरकते, भिंतीला टक् करून लागते. तरी माझ्या मते सगळ्यात भरवशाची तपासणी सगळ्यात कंटाळवाणी आहे: पुंगळ्या पूर्ण वाळवायच्या, कारण पाणी उडालं की चिकटून राहिलेल्या पिना सुटतात, आणि मग एकेक पुंगळी उलटी ठोकून आत टॉर्च मारून बघायची. बुडाच्या भोकातून उजेड दिसला पाहिजे.

ही डोकेदुखी बंदुकीपुरती नाही. दागिने चमकवायला सोनार जे मॅग्नेटिक पॉलिशर वापरतात, त्यातही अशाच, पण याहून बारीक स्टीलच्या पिना असतात. पितळी व्हॉल्व्ह आणि फिटिंग्जची टंबलिंग होते तिथेही भोकात अडकलेला कण शोधावा लागतो, नाहीतर तो पुढे पाण्याच्या किंवा गॅसच्या लाइनमध्ये जातो.

जास्त चमकवलं तर?

लिंबूफूल जास्त पडलं किंवा पिंप जास्त वेळ फिरलं तर पितळ पिवळं राहत नाही, गुलाबी दिसू लागतं. पृष्ठभागावरचं जस्त निघून तांबं उघडं पडलेलं असतं. अमोनिया असलेलं पॉलिश तर यात अजिबात चालत नाही, आणि हे कळायला कारण ठरला होता भारतातला पावसाळा.

ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवली जात. पाऊस संपून बाहेर काढली की पुंगळ्यांना भेगा पडलेल्या. हवामानाचा दोष समजून याला 'सीझन क्रॅकिंग' असं नाव पडलं. खरं कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी मांडलं: घोड्यांच्या मुताचा अमोनिया, आणि थंड अवस्थेत ओढल्यामुळे पितळात आत दबून राहिलेला ताण. दोन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. देव्हाऱ्यातल्या समईला भेग गेली तर तेल गळेल. पुंगळीला भेग गेली तर गरम वायू नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेने फुटू शकतो.

हा ताण घालवायला कारखान्यात पुंगळीची मान तापवतात. त्यामुळे लष्करी काडतुसांच्या मानेजवळ निळसर-तपकिरी पट्टा दिसतो. तो मुद्दाम पुसत नाहीत, कारण मान तापवल्याची ती खूण असते. पिंपात पिनांबरोबर दोन-तीन तास फिरली की पुंगळीवरून हा पट्टा निघून जातो, आणि रीलखाली कुणीतरी लिहितं, "डाग पण गेला बघा."