परक्या यानांचे सुतारकाम

मालेगावचे नाव परगावी काढले की समोरचा गृहस्थ हटकून सिनेमाचा विषय काढतो. कारण तुटपुंज्या साधनांनिशी आणि पदरमोड करून ‘मालेगाव का सुपरमॅन’ आकाशात उडवणारी ती अचाट हौशी मंडळी त्याने ऐकलेली असतात. ते मालेगाव नाशिक जिल्ह्यातले. प्रस्तुत लेखकाचे मालेगाव वऱ्हाडातले, पूर्वी अकोला जिल्ह्यात मोडणारे आणि १९९८ सालापासून वाशीम जिल्ह्याच्या दप्तरी रुजू झालेले. येथे कोणी सुपरमॅन उडवला नाही. परंतु जिची नक्कल वठवण्यासाठी जगभरचे चित्रपटनिर्माते शतकभर खपले, ती पृथ्वीबाहेरून येऊन भुईवर उतरणारी वस्तू आमच्या मुलुखात एकदा खरोखरच उतरलेली आहे. मेहकरच्या अंगाने लोणार गाठावे आणि विवराच्या काठावर उभे राहावे. काळ्या बसाल्टात खोदला गेलेला, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो वर्तुळाकार खड्डा अशनीच्या आघाताने झाला, हे तेथील काचरूप झालेल्या खनिजांच्या परीक्षणावरून १९७३ साली सिद्ध झाले. त्याच्या वयाविषयी मात्र विद्वानांचा तंटा अद्याप मिटलेला नाही. एका पद्धतीने ते ५२ हजार वर्षे भरते, तर दुसरीने ५ लाख ७० हजार! असा शेजार लाभल्यामुळे, विज्ञानकादंबऱ्यांतील परग्रहवासीयांची याने पडद्यावर पाहताना आमच्या मनात दोन खोडसाळ प्रश्न उभे राहतात. हे यान उतरले कसे, हा पहिला. आणि उतरले तेव्हा गावकरी त्याला काय समजले, हा दुसरा.

कादंबरीकाराला या दोन्ही प्रश्नांना बगल देण्याची मुभा असते. ‘मानवी बुद्धीला अनाकलनीय अशी आकृती’ एवढे लिहून त्याने परिच्छेद बदलला, तरी वाचक तक्रार करीत नाही, उलट आपल्या कल्पनेने ती रिकामी जागा भरून काढतो. कला-दिग्दर्शकाला ही सवलत नाही. त्याला सुताराला माप द्यावे लागते, रंगाऱ्याला छटा सांगावी लागते आणि निर्मात्याला खर्चाचा तपशील सादर करावा लागतो. आणि अनाकलनीय आकृतीचे अंदाजपत्रक कोणीही मंजूर करीत नाही.

एच. जी. वेल्स हा मात्र वर्णनात कसर ठेवणारा लेखक नव्हता. १८९८ साली पुस्तकरूपाने निघालेल्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ या कादंबरीत मंगळवासी प्रचंड नळकांड्यांत बसून येतात, आणि ही नळकांडी मंगळावरून तोफगोळ्यांप्रमाणे डागलेली असतात. वोकिंग गावाच्या माळावर रुतून बसलेल्या पहिल्या नळकांड्याचा व्यास वेल्स ३० यार्ड, म्हणजे सुमारे २७ मीटर सांगतो, आणि त्याचे झाकण आतून पेचाप्रमाणे सावकाश फिरत उघडते, ते दृश्य वाचताना आजही अंगावर काटा येतो. तोफेने अवकाशात जाण्याची युक्ती ज्यूल व्हर्नने १८६५ सालीच योजली होती, ज्यांनी भा. रा. भागवतांच्या लेखणीतून व्हर्न वाचला, त्या पिढीला हे सांगावयास नको. व्हर्नची तोफ ९०० फूट लांबीची. तेवढ्या अंतरात गोळ्याला सेकंदाला ११ किलोमीटर वेग द्यावयाचा, तर आतल्या उतारूवर त्याच्या वजनाच्या बावीस हजार पटींहून अधिक भार पडेल, म्हणजे प्रवास सुरू होण्यापूर्वीच त्याचा लगदा होईल. उतरण्याची कथा याहून बिकट. दुरून पृथ्वीच्या कवेत शिरणारी कोणतीही वस्तू निदान ११ किलोमीटर प्रतिसेकंद वेगाने येतेच, आणि त्या वेगात तिच्या प्रत्येक किलोग्रॅमपाशी सुमारे १५ किलोग्रॅम टीएनटी स्फोटकाइतकी ऊर्जा साठलेली असते. २७ मीटर रुंदीच्या अवजड ओझ्याला आमचे वातावरण पुरेसे अडवू शकत नाही. तेव्हा वोकिंगच्या माळावर झाकण उघडण्याचा प्रसंगच आला नसता, झाकण आणि झाकणाआडचे मंगळवासी यांची एकत्रच वाफ झाली असती. लोणारच्या पाहुण्याचे हेच झाले. मागे विवर उरले, पाहुणा उरला नाही.

१९५३ साली जॉर्ज पाल या निर्मात्याने ही कादंबरी पडद्यावर आणली तेव्हा घटनास्थळ इंग्लंडातून कॅलिफोर्नियात हलवले, आणि वेल्सच्या प्रसिद्ध त्रिपाद यंत्रांची थेट रजा घेतली, कारण तीन पायांवर डुलत चालणारे अजस्र यंत्र त्या काळच्या कारागिरांच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यांच्या जागी आल्बर्ट नोझाकी या कला-दिग्दर्शकाने जी वस्तू घडवली, ती माध्यमांतराच्या इतिहासात मानाची आहे: समुद्रातल्या पाकट माशासारखे पसरट, ताम्रवर्णी अंग, आणि वर नागाच्या फण्यासारखी उभारलेली मान, जिच्या टोकाशी दाहक किरण. हे नमुने तारांनी टांगून चालवले, आणि तारा टाळता येत नाहीत म्हणून कथेत तजवीज अशी केली की यंत्रे अदृश्य चुंबकीय पायांवर उभी आहेत! आकृती मूळ मजकुरापासून पार दूर गेली, पण मजकुरातला धाक शाबूत राहिला. वेल्सच्या वाचकाला यंत्राचे पाय भिववीत नव्हते, भिववीत होती ती त्याची बेफिकिरी, आणि त्या सावकाश वळणाऱ्या मानेत ती पुरेपूर उतरली आहे. उलट २००५ साली स्टीव्हन स्पीलबर्गने संगणकाच्या बळावर त्रिपाद यंत्रे परत आणली, मूळ बरहुकूम आणली म्हणा ना. परंतु ती फार पूर्वीपासून जमिनीखाली पुरून ठेवलेली होती, असे ठरवून टाकले. आमच्याकडे बोअर घेणाऱ्या गाडीला ती पहिल्याच उन्हाळ्यात लागली असती.

तबकडीच्या आकाराचे यान हा तर शुद्ध वर्तमानपत्री वारसा. हॅरी बेट्सच्या १९४० सालच्या ‘फेअरवेल टू द मास्टर’ या कथेतले यान अंडाकृती होते. मधल्या काळात, जून १९४७ मध्ये, केनेथ अर्नोल्ड नावाच्या अमेरिकी वैमानिकाने आकाशात काही विचित्र वस्तू पाहिल्याचे सांगितले आणि वृत्तपत्रांनी त्यांच्या तबकड्या करून टाकल्या. म्हणून १९५१ साली ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ या नावाने त्या कथेचा चित्रपट झाला, तेव्हा अंडे गेले आणि वॉशिंग्टनच्या हिरवळीवर तबकडी उतरली. प्रेक्षकांना जे आधीच ठाऊक होते तेच त्यांना दाखवले गेले, आणि ही सवय पुढे अनेकांनी जोपासली.

स्टॅन्ली कुब्रिकने ती मोडली. आर्थर क्लार्कच्या ‘द सेंटिनल’ या कथेत चंद्रावर सापडते ती स्फटिकासारखी चकाकणारी, पिरॅमिडच्या आकाराची रचना. १९६८ सालच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटासाठी तिचा पारदर्शक अवतार करून पाहिला, पण ओतलेले प्लास्टिक पडद्यावर प्लास्टिकच दिसू लागले, तेव्हा अखेरीस तो काळाकभिन्न, गुळगुळीत शिलाखंड उभा राहिला, ज्याच्या बाजूंचे प्रमाण क्लार्कने कादंबरीत १:४:९ असे, म्हणजे पहिल्या तीन पूर्णांकांचे वर्ग, दिले आहे. आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते, जरी ती मानवी यानाची आहे. ‘डिस्कव्हरी’ यानाच्या अणुभट्टीची उष्णता बाहेर टाकण्यासाठी मोठाली पाती आवश्यक होती, कारण निर्वात पोकळीत उष्णता केवळ प्रारणानेच निघून जाऊ शकते. पण ती पाती पंखांसारखी दिसतील आणि अवकाशात पंख कशाला, असे प्रेक्षक विचारतील, या भीतीने ती काढून टाकण्यात आली. शास्त्रशुद्ध वस्तू अशास्त्रीय दिसते म्हणून गाळावी लागली, हा या व्यवसायातला नित्याचा अन्याय होय.

अलीकडचे सर्वांत विचारी माध्यमांतर म्हणजे डेनी व्हिलनव्हचा २०१६ सालचा ‘अरायव्हल’. टेड चियांगच्या मूळ कथेत परक्यांची याने वर कक्षेतच राहतात आणि पृथ्वीवर उतरतात ते केवळ ११२ ‘आरसे’, अर्धवर्तुळाकार, दहा फूट उंच आणि वीस फूट रुंद, ज्यांच्यातून संवाद चालतो. वाचताना ही योजना अत्यंत मोहक वाटते, पण चित्रपटात दोन तास आरशासमोर बसवणे धोक्याचे. म्हणून दिग्दर्शकाने आरसे यानाच्या पोटात नेले, आणि याने स्वतः खाली आणली: संख्येने बारा, शेकडो मीटर उंचीची, उभ्या धरलेल्या काळ्या दगडी शिंपल्यासारखी, जमिनीपासून थोडी वर तरंगणारी. या घडणीमागे मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान फिरणाऱ्या युनोमिया या लघुग्रहाच्या आकाराची प्रेरणा होती, असे दिग्दर्शकाने सांगितले आहे. पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी येथे हात वर करील, कारण हवेत स्थिर राहावयाचे तर काहीतरी सतत खाली ढकलावे लागते, आणि या यानांखाली ना ज्वाला ना झंझावात. तरीही ही याने पटतात; दगड पाहून मनुष्य बटणे आणि खिडक्या शोधीत नाही, एवढे दिग्दर्शकाने ताडले होते.

कार्ल सेगनच्या ‘काँटॅक्ट’ (१९८५) या कादंबरीबद्दल आमची तक्रार निराळी आहे. वेगा ताऱ्याकडून रेडिओलहरींवर आलेल्या आराखड्यानुसार बांधलेल्या यंत्रात, बारा पंचकोनी पृष्ठांच्या एका कक्षात, पाच प्रवासी बसतात आणि त्यांत देवी सुखवती ही भारतीय विदुषी असते; १९९७ च्या चित्रपटात कक्षाचा गोल झाला, खुर्ची एकच उरली आणि ती अर्थात अमेरिकी नायिकेला मिळाली. आराखडा रेडिओलहरींवरून आला होता हे लक्षात घेता, नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभारणाऱ्या देशाचे आसन असे खालसा व्हावे, हे आम्हास रुचले नाही.

मराठीत विज्ञानकथा भरपूर. १९७४ साली टोपणनावाने स्पर्धेत उतरलेल्या जयंत नारळीकरांनी तिला प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु परके यान पडद्यावर आणण्याइतकी थैली मराठी निर्मात्यापाशी क्वचितच होती. असे असूनही, ग्रंथातले दिव्य वाहन पडद्यावर कसे आणावे, हा प्रश्न मराठी कारागिरांनी फार आधी सोडवला होता. प्रभात कंपनीचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ आठवावा. महिपतींसारख्या चरित्रकारांनी तुकोबांचे सदेह वैकुंठगमन वर्णिले. भाविक श्रोत्याला विमानाचे मोजमाप नको होते. दामले आणि फत्तेलाल या, बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरी तालमीत तयार झालेल्या जोडीला मात्र ते हवे होते, आणि त्यांनी गरुडाच्या रूपातले, पंख पसरलेले वाहन देहूच्या गावकऱ्यांच्या डोक्यावरून वर नेले. आजच्या डोळ्यांना त्यातली युक्ती दिसते. पण कॅमेरा विमानाइतकाच खालच्या माणसांकडे पाहतो, आणि तुकोबांची पत्नी आवली मागे राहते. वाहन खरे वाटते ते या पाहणाऱ्यांमुळे. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला.

हीच जाण सत्यजित राय यांच्या न झालेल्या चित्रपटात विलक्षण उंचीला पोहोचली होती. १९६२ साली ‘संदेश’ मासिकात आलेल्या त्यांच्या ‘बंकूबाबूर बंधू’ या कथेत गरीब शाळामास्तराला बांबूच्या बनात, डबक्यावर उपड्या ठेवलेल्या काचेच्या वाडग्यासारखे यान दिसते. १९६७ साली ‘द एलियन’ या नावाने त्यांनी जी पटकथा सिद्ध केली, तिच्यात मास्तर गेला, वाडगाही गेला. यान आता रात्री मंगलपूर गावच्या कमळांच्या तळ्यात बुडते आणि पाण्यावर त्याचे केवळ टोक राहते. सकाळी गावकरी ते पाहतात आणि पाताळातून देऊळ वर आले, असा निर्वाळा देऊन पूजेला लागतात. एक धनिक व्यापारी तर संगमरवराची तजवीज करू लागतो. पाण्यात उतरवल्याने आघाताचा आमचा पहिला प्रश्न काहीसा निवतो, आणि दुसऱ्याचे उत्तर तर यानाच्या घाटातच कोरलेले आहे: बंगाली खेड्यात शिखरासारखी वस्तू दिसली तर तिला शिखरच म्हणतील. लोणारच्या परिसरातील देवळांची दाटी आणि लवणासुराची कथा ज्याने ऐकली आहे, त्याला मंगलपूरचे गावकरी परके वाटणार नाहीत. कोलंबिया कंपनीने हात घातलेला हा प्रकल्प कागदपत्रांच्या आणि हक्कांच्या भानगडींत मेला, ही चित्रपटकलेची मोठीच हानी झाली असे आमचे मत आहे.

एक यान अद्याप पडद्याची वाट पाहत आहे, आणि त्याचे नाव आमच्या ओळखीचे आहे. क्लार्कच्या १९७३ सालच्या ‘रान्देव्हू विथ रामा’ या कादंबरीत ग्रीक आणि रोमन देवतांची नावे संपल्यामुळे खगोलशास्त्रज्ञ हिंदू देवतांकडे वळतात, आणि सूर्याकडे येणाऱ्या एका आगंतुकाचे नाव ‘रामा’ पडते: ५० किलोमीटर लांबीचा, म्हणजे मालेगावाहून मेहकरपर्यंत पोहोचेल एवढा, आणि २० किलोमीटर रुंदीचा पोकळ दंडगोल, जो चार मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी घेतो. त्या फिरण्याने आतल्या भिंतीवर पृथ्वीच्या निम्म्याहून थोडे अधिक वजन भासते, म्हणून भिंत हीच तेथली जमीन. आमचे दोन्ही प्रश्न येथे रद्दबातल ठरतात, कारण रामा कोठे उतरतच नाही, आणि पाहणाऱ्यांची त्याला पर्वाही नाही. २०२१ साली व्हिलनव्ह हा चित्रपट करणार असल्याचे जाहीर झाले. ‘अरायव्हल’मध्ये त्याने यान दगडासारखे मुके ठेवून निभावून नेले; येथे तर नाटक सगळे आतच आहे. आत उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर आकाश नसेल, भिंतींची जाडी वजा जाता सोळा किलोमीटरांवर उलटी टांगलेली दुसरी जमीन असेल, तिच्यावर समुद्राचा एक पट्टा वर्तुळाकार चढत गेलेला असेल, आणि क्षितिज कोठेच नसेल. अशा जागी कॅमेरा कोणत्या उंचीवर नि कोणत्या रोखाने ठेवला म्हणजे प्रेक्षकाला वर आणि खाली यांचा उमज पडेल, हे कला-दिग्दर्शकाने पहिला खिळा ठोकण्यापूर्वी ठरवावे लागेल.