शार्क परांच्या व्यापारावरील बंदी
शार्क माशांच्या (मुशी, मोरी) परांचे सूप चीनमध्ये व आग्नेय आशियात प्रतिष्ठेचे मानले जाते. मांसापेक्षा परांना फार अधिक किंमत मिळत असल्याने, पर कापून उरलेला मासा समुद्रात टाकून देण्याची प्रथा पडली. शार्क सावकाश वाढतात व त्यांना पिले थोडी होतात. त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. भारताने २००१ मध्ये वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये काही जातींना संरक्षण दिले, २०१३ मध्ये पर न कापता अखंड मासाच किनाऱ्यावर आणण्याचे धोरण स्वीकारले आणि २०१५ मध्ये परांची निर्यात बंद केली. तरीही २०१८ मध्ये मुंबई व वेरावळ येथून सु. ८,००० किग्रॅ. पर जप्त करण्यात आले. कोकणात मुशी नेहमीच्या खाण्यातील असून अनेक जातींची मासेमारी वैध आहे. सुट्या, वाळलेल्या परांवरून जात ओळखणे अवघड असते. म्हणून बंदीचे यश बंदरावरील तपासणीवर अवलंबून आहे.