पान उघडेना म्हणून अर्ज राहू नये!

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांनी १९४२ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले आणि त्यात शिक्षणासाठी सरकारी मदतीची मागणी केली. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. या शिष्यवृत्तीच्या आधाराने आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुलेमुली डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक झाली.

आज महाराष्ट्रात या शिष्यवृत्तीचा अर्ज 'महाडीबीटी' या संकेतस्थळावर भरावा लागतो. पुष्कळ घरांत संगणक नसतो. असतो एक मोबाइल, तोही वडिलांचा किंवा थोरल्या भावाचा. मुदत संपत आलेली असते, पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहते आणि पान काही उघडत नाही. 'नेटच नाही' असे म्हणून मुलगी फोन खाली ठेवते. एवढ्या लढ्याने मिळालेला हक्क त्या चक्रापाशी अडून राहावा, हे आम्हाला पटत नाही. म्हणूनच हा विषय आम्ही कुटुंबाच्या पानावर घेतला आहे.

तथागतांनी दुःखाबरोबर दुःखाचे कारण शोधायला शिकवले. कारण कळले तरच उपाय सापडतो. मोबाइलचेही तसेच आहे. पान आपल्यापर्यंत येण्यात तिघांचा हात असतो : संकेतस्थळाचा मोठा संगणक म्हणजे सर्व्हर, मोबाइल कंपनीचे नेटवर्क, आणि आपल्या फोनमधला ब्राउझर, म्हणजे बहुतेकांकडे क्रोम. यांपैकी दोष कोणाचा, हे आधी ओळखावे.

दोष कोणाचा?

सर्वप्रथम दुसरे एखादे ओळखीचे संकेतस्थळ उघडून पाहावे. तेही उघडले नाही, तर दोष बहुधा नेटवर्कचा. बाकी सारे उघडते आणि एकच पान अडते, तर शेजारच्या घरी दुसऱ्या कंपनीच्या सिमवर तेच पान उघडून पाहावे. तिथे उघडले, तर दोष आपल्या फोनचा किंवा आपल्या नेटवर्कचा. तिथेही उघडत नसेल, तर दोष बहुधा सर्व्हरचा. या तपासाला पाच मिनिटे लागतात आणि पैसा एकही लागत नाही.

नेटवर्क

एअरप्लेन मोड दहा सेकंद सुरू ठेवून बंद करावा. फोन टॉवरशी नव्याने जोडला जातो. दिवसाचा डेटा संपला आहे का, हेही पाहावे. अनेक पॅकमध्ये डेटा संपल्यावर नेट बंद पडत नाही, पण वेग ६४ केबीपीएसवर येतो. या वेगाने २ एमबीचा एक दाखला चढवायला चार मिनिटांहून अधिक लागतात आणि तोवर संकेतस्थळ आपल्याला बाहेर काढते. म्हणून दाखल्यांचे फोटो आधीच लहान करून ठेवावेत.

फोन आणि ब्राउझर

'कनेक्शन खाजगी नाही' असा इशारा आला, तर आधी फोनची तारीख पाहावी. बॅटरी पूर्ण उतरली की काही जुन्या फोनची तारीख मागे जाते. संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते. तारीख चुकली की ब्राउझरला ते प्रमाणपत्र खोटे वाटते. सेटिंगमध्ये तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक' करावी. तरीही इशारा गेला नाही, तर त्या पानावर आधार किंवा बँकेची माहिती मुळीच भरू नये.

पान अर्धवट उघडते, बटण दाबले तरी काही होत नाही, तेव्हा ब्राउझरने साठवलेली जुनी प्रत आड येत असू शकते. या साठ्याला 'कॅश' म्हणतात. क्रोमच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवून 'डिलीट ब्राउझिंग डेटा' निवडावे आणि यादीतील फक्त 'कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स' यावर खूण ठेवावी. कुकीजवर खूण केल्यास सगळीकडून लॉगआउट व्हाल. पासवर्डवर केल्यास साठवलेले पासवर्ड जातील. अर्ज अर्धा भरला असेल, तर आधी तो 'सेव्ह' करावा.

क्रोम आणि 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू' ही दोन्ही प्ले स्टोअरमधून अद्ययावत ठेवावीत. मार्च २०२१ मध्ये याच वेबव्ह्यूतील दोषामुळे अनेक अँड्रॉइड फोनवरची ॲप आपोआप बंद पडत होती. फोन दुरुस्तीला नेण्याची गरज नव्हती. ही दोन अद्ययावत केली की काम भागत होते.

काही सरकारी पाने मोठ्या पडद्यासाठी बनवलेली असतात. बटण दिसतच नसेल, तर तीन ठिपक्यांतून 'डेस्कटॉप साइट' सुरू करावी. पावतीची खिडकी उघडत नसेल, तर त्या संकेतस्थळापुरती 'पॉप-अप'ला परवानगी द्यावी.

सर्व्हर

पडद्यावर ४०४ आकडा दिसला, तर ते पान त्या पत्त्यावर नाही, पत्ता तपासावा. ५००, ५०३ किंवा ५०४ दिसला, तर दोष पलीकडचा आहे. अशा वेळी फोन पुसून काढण्यात अर्थ नाही. पहाटे किंवा रात्री उशिरा, गर्दी ओसरल्यावर प्रयत्न करावा. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट मात्र जरूर काढावा. महाविद्यालयात किंवा समाजकल्याण कार्यालयात दाद मागताना तो पुरावा म्हणून दाखवता येतो. 'सबमिट' दाबल्यावर पान अडले, तर पुन्हा पुन्हा दाबू नये. आधी आपल्या खात्यात जाऊन अर्ज पोहोचला की नाही ते पाहावे.

एक इशारा माता-पित्यांना. पान उघडत नाही म्हणून अनोळखी माणसाच्या हाती आधार, पासवर्ड आणि ओटीपी देऊन मोकळे होऊ नका. शिष्यवृत्ती मुलीच्या बँक खात्यात येते. त्या खात्याचे रक्षण तिने स्वतः करायला शिकले पाहिजे.

रविवारी आपण वंदनेसाठी विहारात जमतो. वंदना झाल्यावर, ज्या तरुणांना हे जमते त्यांनी तासभर थांबून लहान भावंडांना आणि माता-भगिनींना वरील तपास हातात फोन देऊन शिकवावा. फोन आपण हाती घेऊ नये, समोरच्याच्याच हातून करून घ्यावे. मुदतीच्या शेवटच्या आठवड्याची वाट न पाहता हे काम अर्ज सुरू होताच करावे. शिकलेल्याने दुसऱ्याला शिकवणे, हीच बाबासाहेबांना खरी आदरांजली होय.

जयभीम!