आधी वारं, मग ऊब

संपादकांना सोयाबीनच्या भावावर लेख हवा होता. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, लातूर जिल्हा, परतीचा पाऊस, ओला माल, व्यापारी वजनात किती कापतो, असं सगळं. त्यासाठी एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या शेडवर गेले (नाव छापू नका, असं त्यांनीच सांगितलंय). परतले तेव्हा वहीत भावाबद्दल दीड पान होतं आणि उरलेली अकरा पानं तळहाताएवढ्या एका पत्र्याबद्दल.

कंपनीचा इतिहास अध्यक्षांनी चहाबरोबर सांगितला. सभासद, भागभांडवल, अनुदानाची फाइल, उद्घाटनाचा फोटो. त्यातला एकच भाग इथे घेते. २०१९च्या ऑक्टोबरात काढणीच्या वेळी पाऊस थांबेना. सोयाबीनच्या बनिमी शेतातच भिजल्या, उभ्या शेंगांना कोंब फुटले. त्या हंगामातलं बियाणं २०२०च्या जूनमध्ये मराठवाड्यात आणि विदर्भात ठिकठिकाणी उगवलंच नाही. तक्रारी इतक्या आल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. या गावातही दुबार पेरणी झाली. तेव्हाच इथल्या लोकांनी ठरवलं, पुढचं बियाणं आपलं आपण वाळवायचं.

ड्रायर म्हणजे पत्र्याची चार टनांची कोठी. तळाला बारीक भोकांचा पत्रा, त्याखाली पोकळी. बाहेर ५ एचपीचा ब्लोअर, ब्लोअर आणि कोठी यांच्यामध्ये दीडेक मीटरचा डक्ट, आणि त्या डक्टात २४ किलोवॅटचे हीटर. तूस किंवा लाकूड जाळणारे ड्रायर चालवायला स्वस्त पडतात, पण बियाण्याला उष्णता अंशाअंशाने मोजून द्यावी लागते आणि विस्तवाला असं अंशाअंशाने आवरणं अवघड. म्हणून वीज.

चोवीस किलोवॅट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे भट्टी आली होती. डक्टच्या झडपेशी हात धरून पाहिला, तर मे महिन्यातल्या लातूरच्या दुपारपेक्षा हवा गारच. त्या दिवशी बाहेर २८ अंश तापमान होतं, हवेत दमटपणा ८५ टक्के. हीटर ओलांडल्यावर तापमान ३८. एवढंच. पण हवा दहा-अकरा अंशांनी तापली की तिची सापेक्ष आर्द्रता जवळजवळ निम्म्यावर येते. आतापर्यंत पाण्याने तुडुंब असलेल्या हवेला पुन्हा तहान लागते. दाण्यातला ओलावा ती तहानलेली हवा काढून नेते, आणि म्हणून वाळवण्याचं खरं काम पंख्याचं. हीटर त्याचा मदतनीस.

त्यापुढे तापवायचंही नाही. बियाण्याच्या सोयाबीनला चाळिशीच्या वर नेलं, किंवा हवेची आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली उतरू दिली, की टरफल तडकतं. टरफल मुळात पातळ, आणि कोंबाचं टोक त्याच्या लगेच खाली बसलेलं. वरून दाणा पिवळाधमक दिसतो आणि जूनमध्ये मातीतून वर येत नाही. प्रमाणित सोयाबीनला उगवण किमान ७० टक्के लागते, ओलावा १२ टक्क्यांच्या आत. या दोन आकड्यांच्या सापटीत हा सगळा कारखाना उभा आहे.

त्याचा खरा चालक म्हणजे वायरमन मामा. वय साठीच्या पुढे, शाळा सातवीपर्यंत, तीस वर्षं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. “जळालेल्या मोटारी उघडून उघडून शिकलो,” ते म्हणाले. “प्रत्येक मोटार सांगती, मी का मेले.” माणसांबद्दल ते फारसं बोलत नाहीत. कॉन्टॅक्टर (मोठा भार जोडणारा-तोडणारा स्विच), कॉइल, बेल्ट यांच्याबद्दल मात्र घरातल्या सुनांबद्दल बोलावं तसं, कौतुक आणि संशय मिसळून.

त्यांनीच मला पॅनलपाशी उभं केलं आणि विचारलं, “ताई, हा हिरवा दिवा काय सांगतो?”

“पंखा चालू आहे.”

“न्हाई. पंख्याला करंट गेलाय, एवढंच सांगतो. वारं हाय का न्हाई, ते त्याला ठाऊक न्हाई.”

ड्रायर बसवून गेलेल्या फिटरने जोडणी रीतसर केली होती. पंख्याचा कॉन्टॅक्टर ओढला गेल्याशिवाय हीटरचा कॉन्टॅक्टर ओढला जाणार नाही, अशी. कागदावर ती निर्दोष आहे. मामांनी तेव्हाच तोंड वाकडं केलं होतं म्हणे, पण मशीन नवं, वॉरंटीतलं, आणि फिटर शहरातला. पहिल्याच हंगामात एका मध्यरात्री ब्लोअरचा बेल्ट तुटला. मोटार बंद पडली नाही. उलट ओझं गेल्यामुळे अधिकच सुखात फिरू लागली. हिरवा दिवा लागलेला. डक्टात वारा शून्य, आणि हीटरच्या नळ्या लाल.

यातली पुढची गोम ऐकताना मी वहीत लिहायचं थांबले. तापमान आवरणारा थर्मोस्टॅट होता. पण त्याचा डोळा कोठीखालच्या पोकळीत, कारण दाण्याला लागणारी हवा तिथे मोजायची असते. वारा थांबला तशी तिथे गरम हवा पोचणंही थांबलं. पोकळी निवू लागली. थर्मोस्टॅटला वाटलं, थंडी पडली, आणखी तापवा. हीटर जितके लाल, तितका तो आणखी मागत राहिला.

दुसरा पहारेकरी होता. नळ्यांच्या अगदी जवळ बसवलेला जादा तापमानाचा कट-आउट. त्याने त्याचं काम केलं, वीज तोडली. तो आपोआप परत जुळत नाही. माणसाने येऊन बटण दाबावं लागतं, ते मुद्दाम, म्हणजे माणूस येईल आणि का तुटलं ते बघेल. त्या रात्रीच्या पोराने येऊन बटण दाबलं. पुन्हा तुटलं, पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा डक्टच्या रंगाचा वास शेडभर झाला आणि तळाच्या थरातलं सोयाबीन फुटाण्यासारखं वासायला लागलं. आग लागली नाही. मामा याला नशीब म्हणत नाहीत; “नळ्यांवर त्या दिवशी भुसा नव्हता, म्हणून,” म्हणतात.

दुसऱ्या दिवशी तो पत्रा आला. बाजारात मिळणारीच वस्तू आहे, पंधरा-वीस रुपयांच्या खेळण्यासारखी दिसते: डक्टात आडवी दांडी, तिच्यावर लोंबणारा हलका पत्रा, दांडीच्या टोकाला छोटा स्विच. वारा वाहिला की पत्रा उचलतो आणि स्विच जुळतो. वारा पडला की पत्रा स्वतःच्या वजनाने खाली येतो आणि हीटरची वाट तुटते. बेल्ट तुटो, जाळी भुशाने चोंदो, पंखा उलटा फिरो, कारण काहीही असलं तरी पत्र्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. मामांनी वर खताच्या पोत्याची एक पट्टी झडपेबाहेर बांधली आहे, स्वतःच्या डोळ्यांसाठी. पॅनलच्या दिव्यांकडे ते शेवटी बघतात.

चालू करायचा क्रम शेडच्या भिंतीवर खडूने लिहिलेला नाही, पण पोरांना पाठ आहे. आधी जाळी झाडायची. मग पंखा. पट्टी आडवी झाली की एक गट हीटर, थोड्या वेळाने दुसरा, मग तिसरा. बंद करताना उलटं. हीटर आधी, आणि पंखा त्यानंतर पाच-सात मिनिटं फिरता ठेवायचा, नळ्या निवेपर्यंत. घरी जायच्या घाईत नेमकी हीच पाच मिनिटं खाल्ली जातात.

नळ्यांच्या पोटात निकेल-क्रोमियमची तार असते, नायक्रोम. अल्बर्ट मार्श या अमेरिकन माणसाने १९०६ साली तिचं पेटंट घेतलं. तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ती उष्णता बाहेर जाऊ देते आणि वीज अडवते. खोड एकच. ही पूड हवेतला ओलावा शोषते. आठ-नऊ महिने ड्रायर बंद, त्यातले चार पावसाळ्याचे. ऑक्टोबरात पहिल्या दिवशी बटण दाबलं की वीज तारेतून ओल्या पुडीत, पुडीतून नळीच्या अंगात पाझरते आणि अशी गळती दिसताच वीज तोडणारी ईएलसीबी पडते. धान्य वाळवणाऱ्या यंत्रालाच आधी वाळवावं लागतं, हे ऐकून मला हसू आलं. मामांना नाही आलं. ते दसऱ्याच्या आधीच मेगर (वीजरोध मोजणारं यंत्र) लावून प्रत्येक गट मोजतात, कमी भरला तर एकेक गट थोडा थोडा तापवून पूड सुकवतात. इतर ठिकाणी काय होतं, तेही त्यांनी सांगितलं. दारात ट्रॉल्या उभ्या असतात, ईएलसीबी तीनदा पडते, आणि कोणीतरी ती बाजूला सारून ‘डायरेक्ट’ करतं. मग त्या पत्र्याच्या कोठीला ओल्या हातांनी टेकून उभ्या असलेल्या माणसाचा जीव फक्त अर्थिंगवर. इथे अर्थिंगचे खड्डे दोन आहेत, वेगवेगळे, आणि दोन्हींच्या पट्ट्या कोठीपर्यंत आलेल्या.

आता अडचणी. अध्यक्षांनी त्या ‘किरकोळ’ म्हणून सांगितल्या होत्या.

पंखा आणि हीटर मिळून अठ्ठावीस किलोवॅट. गावच्या डीपीवर एवढा भार एकदम मागायचा म्हणजे मंजुरी, अंदाजपत्रक, पैसे भरणं आणि वाट बघणं. ते सगळं होऊन जोडणी मिळाली, तरी तारेतून येणारं व्होल्टेज मंजुरीच्या कागदात नसतं. ४१५च्या जागी संध्याकाळी ३५० येतात. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने उतरते, म्हणजे २४ किलोवॅटचे सतराच उरतात, आणि अकरा-बारा तासांची खेप रात्रभर लांबते. हीटर कमी व्होल्टेजला मुकाट्याने कमी तापतो. मोटार मात्र तेवढंच काम रेटायला जास्त करंट ओढते आणि स्वतःच तापते. एकाच तारेवरचे दोन शेजारी, एक थंड पडतो आणि दुसरा जळतो.

एक फेज गेली तर आणखी वाईट. उरलेल्या दोन फेजवर इथले हीटर निम्म्या ताकदीने चालूच राहतात, आणि थांबलेली मोटार पुन्हा सुरू होत नाही, नुसती घुमते. त्या वेळी शेड वाचवतो तो तोच पत्रा.

पैशांचं गणित त्याहून किचकट. १८ टक्के ओलाव्याचं एक टन सोयाबीन १२वर आणलं की अडुसष्ट किलो पाणी उडतं. त्याला पंख्यासकट पाऊणशे-ऐंशी युनिट लागतात. युनिटला नऊ रुपये धरले, तर टनाला सातशेच्या आसपास. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल आता माफ आहे, ड्रायरचं नाही. पण भांडण बिलावरून होत नाही. ते काट्यावर होतं. दहा क्विंटल घालून नऊ क्विंटल बत्तीस किलो परत मिळाल्यावर माणूस विचारतोच, “माझं अडुसष्ट किलो कुठं गेलं?” पाणी गेलं, हे उत्तर खरं असूनही चोरीसारखं ऐकू येतं. शिवाय २०२४च्या नोव्हेंबरात केंद्राने हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२वरून १५ टक्के केली. शेतकऱ्याला दिलासाच होता तो, माझी तक्रार नाही. पण त्या हंगामात खाण्याच्या मालाची एकही ट्रॉली इथे वाळायला आली नाही आणि कर्जाचा हप्ता आला.

वर्षातले वीस-पंचवीस दिवस चालणारं यंत्र. ज्या दिवशी एकाला लागतं, त्याच दिवशी सगळ्यांना. आणि नेमक्या त्याच दिवशी आभाळ भरलेलं, वीज येऊन-जाऊन, हवा इतकी दमट की हीटरशिवाय पंखा उलट दाण्यालाच ओलावा पाजेल.

मामांच्या जागी येईल असा एक पोरगा आहे, आयटीआय झालेला. हुशार आहे, मीटर आपल्यापेक्षा भरभर वाचतो, असं मामाच सांगतात. त्यांची काळजी दुसरी. पॅनलच्या दाराला आतून बोटभर लाल तारेचा तुकडा टांगलेला आहे, दोन्ही टोकं सोललेली. दोन वर्षांपूर्वी घाईच्या दिवशी याच पोराने तो पत्र्याच्या स्विचवर आडवा लावला होता, कारण जाळी चोंदून पत्रा सारखा पडत होता. जाळी झाडायला दहा मिनिटं लागली असती. मामांनी तुकडा काढला, फेकला नाही.

मी निघाले तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. दारात ताडपत्री टाकलेली ट्रॉली, मीटरवर साडेसतरा टक्के, आणि वीज दोन तासांपासून गेलेली. तेवढ्यात शेडमधला बल्ब लागला. ट्रॉलीवाला उठला, पोरगा पॅनलकडे धावला. तीन फेजचे तीन दिवे: लाल दिवा, पिवळा दिवा. निळा नाही.

मामा बाजेवर आडवे झालेलेच होते. त्यांनी कूस बदलली.

“निळा लागला की उठव.”