पत्त्याचे सहा अंक आणि यंत्राची पारख

सांगलीच्या विश्रामबागेंत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून चालत आलें आहे. त्याचा पिनकोड ४१६४१५. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं योजिलेली ही पद्धति १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली. पहिला अंक देशाचा विभाग दाखवितो. शेवटचे तीन अंक वांटप करणारें टपाल-कार्यालय.

आतां असें समजावें कीं, शिष्यवृत्तीचा अर्ज कागदावर न येतां संगणकाच्या जाळ्यावरून येत आहे. तो स्वीकारणारी पायथॉन भाषेंतील वेब एपीआय ही कचेरीची खिडकीच होय. खिडकीमागील कारकून विपरीत पत्ता पाहून थबकतो. यंत्र आपण होऊन थबकत नाहीं. यासाठीं पायडॅन्टिक आणि फास्टएपीआय हे आज्ञासंच अनुक्रमें २०१७ व २०१८ पासून उपलब्ध आहेत. त्यांत अपेक्षित रूप आधींच लिहून ठेवावयाचें : पिनकोड हा मजकूर, संख्या नव्हे (त्याची बेरीज कोण करणार?), अंक सहाच, पहिला शून्य नसावा. रूप न जुळल्यास अर्ज ४२२ या खुणेसह परत जातो, आणि कोणत्या रकान्यांत काय चुकलें तेंहि अर्जदाराकडे पोंचवितां येतें.

येथें मराठी माणसासाठीं एक मौजेची अडचण आहे. पायथॉनच्या नमुना-लेखनांत 'कोणताहि अंक' या अर्थाचें जें चिन्ह आहे, त्यांत देवनागरी अंकहि बसतात. म्हणजे ४१६४१५ असें देवनागरींत लिहिलें तरी खिडकी उघडते. पण आंतील यादी इंग्रजी अंकांत असेल, तर तो पत्ता तींत सांपडत नाहीं. असे अंक नाकारणें हा निव्वळ आळस होय. ते खिडकीशींच बदलून घ्यावेत.

याहून कठीण चूक निराळीच. शेवटच्या ५ चा ६ झाला तर ४१६४१६ हा सांगली शहराचा निर्दोष क्रमांक तयार होतो! रूपाची कोणतीहि परीक्षा त्याला अडवूं शकत नाहीं. आधार-क्रमांकाचा बारावा अंक व्हेर्होफ या डच गणितज्ञाच्या १९६९ मधील रीतीनें काढलेला असतो. त्यामुळें एक अंक बदलला किंवा शेजारचे दोन उलटले, तर तें लगेच उघडकीस येतें. पिनकोडांत ही सोय नाहीं. तेथें क्रमांक आणि टपाल-कार्यालयाचें नांव एकमेकांशीं ताडून पाहावें, आणि विसंगति दिसल्यास अर्ज न फेटाळतां अर्जदारालाच विचारावें. नाहीं तर पत्र दुसऱ्याच कार्यालयांत जातें, विद्यार्थ्याची मुदत टळते, आणि यंत्राच्या नोंदींत मात्र सर्व कांहीं बिनचूक असतें.