एचआयव्हीच्या औषधाने मुलांचा मलेरिया कमी झाला, पण कसा?

मलेरिया परजीवीमुळे होतो, तर एचआयव्ही हा विषाणू आहे. तरीही एचआयव्हीचं एक औषध घेणाऱ्या मुलांमध्ये मलेरियाचं प्रमाण कमी झाल्याचं युगांडात दिसून आलं. हे नेमकं कशामुळे घडलं?

शंका कुठून आली?

नवे विषाणू तयार करताना एचआयव्हीला प्रथिनांची लांब साखळी कापावी लागते. हे काम प्रोटिएज नावाचं एन्झाइम करतं. लोपिनावीर, रिटोनावीर, सॅक्विनावीर ही औषधं या कात्रीलाच अडवतात. मलेरियाच्या परजीवीकडेही त्याच जातकुळीची एन्झाइम्स असतात, त्यांना प्लाझ्मेप्सिन म्हणतात. मग ही औषधं परजीवीलाही अडवतील का? २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना प्रयोगशाळेत तसं दिसलं. यातल्या काही औषधांमुळे परजीवीची वाढ रोखली गेली.

युगांडात काय झालं?

टोरोरो या भागात मलेरिया मोठ्या प्रमाणावर आहे. तिथे एचआयव्ही असलेल्या १७० लहान मुलांचे दोन गट केले गेले. एका गटाला लोपिनावीर-रिटोनावीर, तर दुसऱ्याला एचआयव्हीचीच वेगळ्या प्रकारची औषधं दिली. निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या गटात मलेरियाचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं.

खरं कारण वेगळंच

मलेरिया झाल्यावर या मुलांना आर्टेमेथर-लुमेफॅन्ट्रिन दिलं जाई. त्यानंतर २८ दिवसांत पुन्हा मलेरिया होण्याचा धोका दुसऱ्या गटात ४०.८ टक्के, तर लोपिनावीर-रिटोनावीरच्या गटात फक्त १४ टक्के होता. फायदा मुख्यतः इथेच होता.

लुमेफॅन्ट्रिनचं विघटन यकृतातलं एक एन्झाइम करतं आणि रिटोनावीर त्यालाच रोखतं. त्यामुळे मलेरियाचं औषध रक्तात जास्त प्रमाणात टिकून राहिलं आणि नव्या संसर्गावरही पहारा देत राहिलं. कोव्हिडवरच्या पॅक्सलोव्हिडमध्येही रिटोनावीरचं काम हेच आहे, जोडीदार औषध शरीरात टिकवून ठेवण्याचं.

मग हे औषध सगळ्यांना का देत नाहीत?

कारण हा फायदा सगळीकडे दिसला नाही. युगांडातच एचआयव्ही असलेल्या गरोदर महिलांवर अशीच चाचणी झाली, पण वारेतल्या मलेरियाचं प्रमाण कमी झालं नाही. शिवाय रिटोनावीर फक्त लुमेफॅन्ट्रिनचंच प्रमाण वाढवतं असं नाही. कोलेस्टेरॉलच्या सिम्व्हास्टॅटिनसारख्या गोळ्यांचं प्रमाणही रक्तात धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

त्यामुळे 'एचआयव्हीच्या गोळीने मलेरिया बरा होतो' असा मेसेज आला, तर तो पुढे पाठवू नका. या चाचणीतही मलेरिया बरा केला तो मलेरियाच्याच औषधाने. ताप आला तर रक्ततपासणी करून घ्या आणि डॉक्टरांनी दिलेला गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा.